ब्रिजच्या डावातील कोंडी

पत्त्यांच्या खेळाला आपल्या घरांतून कधी फारशी प्रतिष्ठा मिळाली नाही. बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या मुलाकडे वडीलधारी मंडळी कौतुकाने पाहतात. पत्ते पिसणाऱ्या मुलाला मात्र ‘अभ्यास झाला का?’ हा प्रश्न ठरलेला. याचे कारण उघड आहे. पत्ते वाटले जातात, ते निवडता येत नाहीत. तेव्हा पत्त्यांत जे काही घडते ते नशिबाने घडते, अशी आपली समजूत असते. ही समजूत निम्मी खरी आहे. वाटणी नशिबाची, परंतु वाटणी झाल्यावर नशिबाचा अंमल संपतो आणि हिशेबाचा सुरू होतो. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत दहा रंग आणि १२० पाने असतात. तो खेळ खेळणाऱ्या जुन्या मंडळींना हे पक्के ठाऊक होते, की कोणती पाने खेळून गेली आणि कोणती राहिली हे ज्याच्या ध्यानात असेल, तोच शेवटपर्यंत टिकतो.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो या हिशेबाचा अगदी कळस आहे. काँट्रॅक्ट ब्रिजमध्ये एक डावपेच आहे. त्याला इंग्रजीत ‘स्क्वीझ’ असे नाव आहे. आपण त्याला ‘कोंडी’ म्हणू. पुष्कळ चांगले खेळाडूही कोंडीला जादू समजतात, आणि ती आपल्याला साधणारी नव्हे म्हणून तिच्या वाटेस जात नाहीत. ती जादू नाही. तिच्यात एक गोष्ट मात्र मनाला पटवून घ्यावी लागते, आणि ती पटवून घेणे माणसाच्या स्वभावाला जड जाते. जो हात गमवायचाच आहे तो आधी गमवावा, ही ती गोष्ट.

ज्यांना ब्रिज परिचित नाही त्यांच्यासाठी खेळाची रूपरेषा थोडक्यात सांगतो. चौघे खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. चौघांनी एकेक पान टाकले की मेंढीकोटाप्रमाणेच एक ‘हात’ होतो. उतरलेल्या रंगाचे पान आपल्यापाशी असेल तर तेच टाकले पाहिजे, हा नियमही तोच. फरक असा, की खेळापूर्वी बोली होते आणि आम्ही इतके हात करू असे एक जोडी वचन देते. वचन देणाऱ्या जोडीपैकी एक जण डाव खेळतो. त्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जातात आणि त्यांना डमी म्हणतात. वचन पुरे झाले तर गुण, न झाले तर दंड. या खेळाची आजची गुणपद्धती हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने बांधली. १९२५ साली ‘फिनलंड’ नावाच्या आगबोटीतून पनामा कालव्यामार्गे हवानाकडे जाताना त्याने ती प्रथम वापरून पाहिली. तिथून हा खेळ जगभर गेला. आपल्या देशात तर राष्ट्रीय स्पर्धांतील एक करंडक इंदूरच्या होळकरांचे नाव धारण करतो. आणि २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार या भारतीय जोडीने ब्रिजचे सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी बर्धन यांनी वयाची साठी गाठली होती. ज्या खेळात साठीच्या माणसाला सुवर्णपदक मिळते, त्या खेळात धावण्यापेक्षा मोजण्याला अधिक किंमत असली पाहिजे, हे उघड आहे.

कोंडीचा डावपेच काँट्रॅक्ट ब्रिजपेक्षा जुना आहे. व्हिस्ट या खेळाच्या काळात व्हिएन्नाच्या एका नामांकित खेळाडूने केलेला असा एक डाव जेम्स क्ले या इंग्रज लेखकाने १८६४ साली प्रसिद्ध केला. कोंडीच्या त्या प्रकाराला अद्यापही व्हिएन्नाचेच नाव आहे. ‘स्क्वीझ’ हा शब्द पुढे सिडनी लेन्झ या अमेरिकन खेळाडूने बेसबॉलच्या मैदानावरून उचलला. १९५९ साली क्लाइड लव्ह यांनी या एकाच विषयावर एक सबंध ग्रंथ लिहिला. लव्ह हे मिशिगन विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आणि हा काही योगायोग नव्हे.

आता कोंडी म्हणजे नेमके काय? याचे उत्तर मला पुस्तकात वाचून कळले होते, पण ते डोळ्यांपुढे उभे राहिले ते एका अनपेक्षित ठिकाणी. तंजावर ते कुंभकोणम या रेल्वेमार्गावर पापनाशम नावाचे गाव आहे; तेथे कामानिमित्त माझा काही काळ मुक्काम होता. हा मुलूख कावेरीच्या खोऱ्यातला, भाताच्या अथांग शेतांचा. व्यंकोजीराजांपासून १७९९ सालापर्यंत तो तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता, आणि त्या काळी तेथे गेलेल्या कुटुंबांतून आजही तमिळ वळणाची गोड मराठी कानांवर पडते. पापनाशमलगत तिरुप्पालैत्तुरै येथील शिवमंदिराच्या आवारात विटांचे एक प्रचंड धान्यकोठार आहे. ते भोसल्यांच्याही आधीचे, तंजावरच्या नायक राजांच्या वेळचे, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्यात तीन हजार कलम धान्य मावे असे सांगतात; कलम हे तिकडचे जुने माप.

ते कोठार पाहताना मनात आले, की कितीही प्रचंड असले तरी कोठाराला माप असते, आणि सारे शहाणपण त्या मापात काय ठेवावे व काय बाहेर काढावे यात असते. समजा, एका शेतकऱ्यापाशी धान्याच्या तेरा कणग्या आहेत, आणि दर आठवड्याला एक कणगी रिकामी करून दिलीच पाहिजे असा करार आहे. आरंभी त्याला काहीच वाटत नाही. तूस देतो, कोंडा देतो, किडलेले धान्य देतो. परंतु अखेर असा आठवडा उगवतो की निरुपयोगी असे काही उरलेले नसते. एका कणगीत भाताचे बी असते, दुसरीत उडदाचे. दोन्ही राखायची असतात आणि एक द्यावीच लागते. कोणती दिली हे महत्त्वाचे नाही. कोणतीही दिली तरी पुढच्या वर्षी एक शेत पडीक राहणार.

ब्रिजमधील प्रतिस्पर्धी हा असाच कराराने बांधलेला शेतकरी आहे. प्रत्येक हाताला त्याने एक पान टाकलेच पाहिजे. तो ज्या पानांनी आपल्या दोन रंगांवर पहारा ठेवतो ती दोन्ही त्याला अखेरपर्यंत राखायची असतात. आपण आपले पक्के हात एकामागून एक वाजवत गेलो, की त्याच्याजवळचा कोंडा संपतो आणि त्याला एका रंगावरचा पहारा उठवावा लागतो. त्या रंगात आपले जे लहानसे पान टपून बसलेले असते, ते मग हात करून जाते. अशा पानाला आपण ‘धाकाचे पान’ म्हणू.

हे प्रत्यक्ष पाहू या. हा डाव मी मुद्दाम समजुतीसाठी रचला आहे. ज्यांच्या घरी पत्त्यांचा जोड असेल त्यांनी पाने मांडून घेतली तर फारच उत्तम.

आपण दक्षिणेला बसलो आहोत. समोर उत्तरेला डमी. बोली सहा बिनहुकमी, म्हणजे हुकूम कोणताच नाही आणि तेरांपैकी बारा हात करायचे. आपली पाने अशी: इस्पिकचा एक्का, राणी, छक्की, बदामची छक्की, पंजी, दुर्री, चौकटचा एक्का, राजा, राणी, पंजी, किलवरचा एक्का, अठ्ठी, तिर्री. डमीची पाने अशी: इस्पिकचा राजा, अठ्ठी, चव्वी, बदामचा एक्का, राजा, सत्ती, चव्वी, चौकटची अठ्ठी, तिर्री, दुर्री, किलवरचा राजा, राणी, पंजी. पश्चिमेने इस्पिकचा गुलाम उतरला आहे.

पहिले पान टाकण्यापूर्वी मोजा. इस्पिकचे तीन हात पक्के, किलवरचे तीन, चौकटचे तीन, बदामचे दोन, एकूण अकरा. बारावा कोठून आणायचा? चौकटची आपली पंजी चौथ्या फेरीला चालेल, पण प्रतिस्पर्ध्यांची सहा चौकट तीन-तीन वाटली गेली असतील तरच. बदामचेही तसेच. डमीतली चार व आपली तीन मिळून सात, तेव्हा त्यांची सहा. तीही तीन-तीन असतील तर एक हात देऊन डमीचे शेवटचे बदाम उभे राहील. गणित असे सांगते, की सहा पाने तीन-तीन वाटली जाण्याचा संभव शेकडा सुमारे ३६, आणि चार-दोन वाटली जाण्याचा सुमारे ४८. म्हणजे कोणताही एक रंग घेतला, तर तो आपल्या मनासारखा न वाटला जाण्याचाच संभव अधिक.

सामान्य खेळाडू येथे काय करतो? तो आपले पक्के हात आधी मोकळे करून घेतो. ‘हातचे तर घेऊन ठेवू, पुढचे पुढे पाहू’ असा त्याचा विचार असतो. जाणता खेळाडू नेमके उलट करतो. पहिला हात तो डमीच्या इस्पिक राजाने घेतो, आणि लगेच दुसऱ्या हाताला डमीतून बदामची चव्वी खेळून आपली दुर्री टाकतो. एक्का आणि राजा समोर असताना तो हात प्रतिस्पर्ध्यांना बहाल करतो! पूर्वेने बदामची दश्शी टाकली आणि हात घेतला असे समजा. पूर्वेने काहीही परत खेळले तरी आपले बिघडत नाही, कारण चारही रंगांचे वरचे पान आपल्यापाशी आहे. पूर्वेने किलवर खेळले. ते आपण डमीच्या राणीने घेतले, राजा वाजवला आणि पंजी खेळून आपल्या एक्क्यावर आलो. मग इस्पिकचा एक्का. मग चौकटचा एक्का, राजा, राणी. तिसऱ्या चौकटला पश्चिमेने दुसराच रंग टाकला. म्हणजे चौथे चौकट पूर्वेपाशी आहे. नऊ हात झाले. आठ आपले, एक त्यांचा.

आता चारच पाने राहिली. डमीत बदामचा एक्का, राजा, सत्ती आणि इस्पिकची अठ्ठी. आपल्यापाशी इस्पिकची राणी, बदामची छक्की व पंजी आणि चौकटची पंजी. पूर्वेपाशी बदामची राणी, गुलाम, अठ्ठी आणि चौकटचा गुलाम. आपण इस्पिकची राणी खेळतो. पूर्वेपाशी इस्पिक नाही. त्याने काय टाकावे? चौकटचा गुलाम टाकला, तर आपली क्षुल्लक पंजी राजासारखी चालते. बदाम टाकले, तर एक्का आणि राजा यांखाली त्याची उरलेली दोन्ही बदाम पडतात आणि डमीची सत्ती चालते. बारा हात झाले. तीन-तीन अशी वाटणी ना बदामची होती ना चौकटची. तरीही डाव झाला.

आता तोच डाव सामान्य खेळाडूच्या रीतीने खेळून पाहा. बदामचा हात न देता नऊ पक्के हात त्याने आधी वाजवले. चार पाने राहिली, पण या वेळी पूर्वेला पाच पानांतून चार राखायची आहेत: बदामची चार आणि चौकटचा गुलाम. तो हसत हसत बदामची अठ्ठी टाकतो. त्याच्यापाशी अजून तीन बदाम आणि एक चौकट आहे. दोन्ही पहारे शाबूत. डमीचा एक्का-राजा वाजला की तिसरे बदाम त्याचे, आणि शेवटी चौकटचा गुलामही त्याचाच. या टप्प्यावर बदामचा हात द्यावा म्हटले तर तोही उपयोग नाही. तो घेताच पूर्व चौकटचा गुलाम वाजवून मोकळा होतो. बोली एका हाताने पडली. दोन्ही खेळांत पाने तीच, प्रतिस्पर्धी तेच. भेद एवढाच की एकाने जो हात दुसऱ्याच क्षणी दिला, तो दुसऱ्याने दहाव्या क्षणापर्यंत जपून ठेवला.

पापनाशमला संध्याकाळी चौघे जमत. त्यांत तंजावरकडचे एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ होते. व्हिस्टच्या परंपरेत वाढलेले, फार सावध खेळाडू. मी हा डाव मांडून दाखविला तेव्हा ते म्हणाले, “राव, एक्का-राजा समोर ठेवून हात सोडून द्यायचा, हे माझ्या हातून व्हायचे नाही. दिलेला हात परत येतो होय?” त्यांचा प्रश्न सर्वांच्याच मनातला आहे. मी म्हटले, “आप्पा, दिलेला हात परत येत नाही हे खरे, पण तो कधीच आपला नव्हता. तेरांतून बारा करायचे म्हणजे एक त्यांचा हे बोली करतानाच ठरले. आपल्या हाती फक्त तो केव्हा द्यायचा एवढेच आहे.” ते काही बोलले नाहीत. त्यांनी पाने पुन्हा मांडायला सांगितली, आणि पूर्वेची पाने स्वतःकडे घेऊन तीन वेळा वाचण्याचा प्रयत्न करून पाहिला.

हात आधी देण्याचे मर्म या मोजणीत आहे. बारा हातांच्या बोलीत प्रतिस्पर्ध्याजवळ एका पानाची सवलत असते. आपण गमवायचा हात आधीच गमावला, की ती सवलत त्याने खर्चून टाकलेली असते. त्यानंतर त्याच्यापाशी वावगे असे एकही पान उरत नाही. न गमावला, तर अखेरच्या क्षणी तो ती सवलत काढतो आणि आपल्या कोंडीतून निसटतो. ब्रिजच्या ग्रंथांत याला हिशेब दुरुस्त करणे असे म्हणतात. आमच्या सरकारी नोकरीत ही गोष्ट नवी नाही. जे देणे टळणार नाही ते वर्षाच्या आरंभी चुकते केले, म्हणजे उरलेल्या शिलकेचा आकडा खरा असतो. ते मार्चपर्यंत लांबवले, म्हणजे शिल्लक भरघोस दिसते, आणि ती फसवी असते.

कोंडी साधण्यासाठी चार गोष्टी जुळाव्या लागतात. प्राध्यापक लव्ह यांनी त्या फार नेटक्या मांडल्या आहेत. त्या मी आपल्या शब्दांत सांगतो. पहिली, दोन्ही रंगांवरचा पहारा एकाच प्रतिस्पर्ध्यावर पडला पाहिजे. दुसरी, उरलेल्या हातांपैकी एक सोडून बाकी सारे आपले पक्के असले पाहिजेत. म्हणजेच गमवायचे ते आधी गमावलेले असले पाहिजे. तिसरी, धाकाच्या दोन पानांपैकी निदान एक असे असावे, की त्याच्या बाजूची पाने कोंडलेल्या खेळाडूनंतर पडतील. त्याने काय टाकले हे पाहून मगच आपल्याला टाकता आले पाहिजे. आपल्या डावात एक धाक डमीत होता आणि दुसरा आपल्यापाशी. त्यामुळे तो पहारेकरी पूर्वेला असो की पश्चिमेला, कोंडी सारखीच बसली असती. चौथी, उभ्या राहिलेल्या पानापर्यंत जाण्याची वाट उघडी असली पाहिजे. डमीतला बदामचा एक्का ही ती वाट. आणि इस्पिकची राणी शेवटपर्यंत आपल्या हाती राहील अशा बेताने पहिला हात डमीच्या राजाने घेतला, तोही त्यासाठीच. शेवटचे इस्पिक डमीत राहिले असते, तर पूर्वेने चौकटचा गुलाम सुखाने टाकला असता, कारण आपल्या पंजीकडे यायला वाटच उरली नसती.

या चारांपैकी पहिली गोष्ट आपल्या स्वाधीन नाही. बदामचा पहारा पूर्वेवर आणि चौकटचा पश्चिमेवर असता, तर दोघांनी एकेक शेत सांभाळले असते आणि डाव पडला असता. त्यात खेळणाऱ्याचा काही दोष नाही. परंतु उरलेल्या तिन्ही गोष्टी सर्वस्वी त्याच्या हातच्या आहेत. आणि पहिली गोष्ट अनुकूल असताना त्या साधल्या नाहीत, तर जो डाव पडतो तो नशिबाने पडला असे म्हणण्याचा अधिकार त्याला राहत नाही.

कित्येकांना वाटते, की यासाठी बावन्न पाने ध्यानात ठेवावी लागत असतील. तसे मुळीच नाही. आपल्या डावात ध्यान ठेवायचे होते ते एका रंगावर: चौकट. इस्पिकच्या राणीवर पूर्वेने चौकट टाकले काय, एवढेच पाहायचे. टाकले असेल तर आपली पंजी खेळायची. नसेल तर डोळे मिटून बदामचा एक्का, राजा आणि सत्ती. बदामची किती गेली हे मोजण्याची गरजच नाही, कारण चौकट राखणाऱ्याने बदामच टाकलेले असणार. नवशिक्याने आरंभी इतकेच करावे. डमीची पाने खाली आली की पहिले पान टाकण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबावे, पक्के हात मोजावेत, आणि बोलीला एकच हात कमी पडतो असे दिसले तर दोन प्रश्न विचारावेत. माझी धाकाची पाने कोणत्या दोन रंगांत आहेत? आणि गमवायचा हात मी आत्ता, माझा प्रत्येक रंग शाबूत असताना, निर्धास्तपणे देऊ शकतो काय? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली तर कोंडीची अर्धी तयारी झाली. उरलेली अर्धी म्हणजे पक्के हात योग्य क्रमाने, न घाबरता, अखेरपर्यंत वाजवत जाणे.

न घाबरता, असे मी मुद्दाम म्हणतो. पक्की पाने एकेक करून हातावेगळी होत असतात, टेबलावर काहीच घडल्यासारखे दिसत नाही, आणि आपण स्वतःलाच रिते करीत आहोत असे वाटू लागते. पुष्कळ जण याच ठिकाणी धीर सोडतात आणि एखादे एक्का-राणीचे पान ‘पुढे लागेल’ म्हणून मागे ठेवतात. ते मागे ठेवलेले पान प्रतिस्पर्ध्याला एक श्वास घेऊ देते, आणि तेवढ्या श्वासात तो वाचतो.

आपल्या घरी आज रात्री चौघे जमणार असतील, तर हा डाव अवश्य मांडून पाहा, आणि प्रत्येकाने एकदा पूर्वेच्या जागी बसून पाहा. समोरून इस्पिकची राणी येते, हातात चार पाने असतात, चारही मोलाची असतात, आणि एक टाकावेच लागते. त्या जागी बसल्याखेरीज दुसऱ्या हाताला दिलेल्या त्या बदामच्या चव्वीची किंमत कळत नाही.